महात्मा फुले मंडई : पुण्यात नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्यासाठी

जून 2023 मध्ये बदली होऊन मी अमरावतीहून पुण्यास आलो. आनंदनगरला भाड्याचे घर मिळाले आणि पंधरा दिवसांत पत्नी व मुलगीही आली. गॅसजोडणी, शाळाप्रवेश, भाडेकरार ही कामे ज्याला त्याला करावीच लागतात; ती आम्हीही केली आणि महिनाभरात घर लागले. तरीही पहिले तीन-चार महिने संध्याकाळी दाराचे कुलूप उघडताना आपण कुणाच्या तरी घरी उतरलो आहोत, असेच मला वाटत असे. ही भावना ज्या एका ठिकाणामुळे हळूहळू ओसरली, ते म्हणजे शुक्रवार पेठेतील महात्मा फुले मंडई. गेली दोन वर्षे बहुतेक प्रत्येक रविवारी सकाळी मी तेथे भाजी घेण्यासाठी जात आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारावर, एक गिऱ्हाईक म्हणून, हा अभिप्राय लिहीत आहे.

सुरुवातीला आम्ही भाजी मोबाइलवरून मागवत होतो. दहा-पंधरा मिनिटांत पिशवी दारात येत असे आणि नव्या शहरात रस्तेही माहीत नसताना ही सोय मोठी होती, हे मी नाकारत नाही. परंतु मेथीची गड्डी तीनदा आतून काळी निघाली. पैसे परत मिळाले, पण ती मेथी कुणी निवडली आणि कुणाच्या हातून आली, हे विचारायला समोर माणूस नव्हता. अमरावतीच्या इतवारा बाजारात वडिलांचे बोट धरून मी भाजी घ्यायला शिकलो. भेंडीचे टोक मोडून पाहावे, वांग्याचा देठ पाहावा, काकडी कडू निघाली तर पुढच्या खेपेला सांगावे, ही आमच्या घरची रीत होती. भाजी आणणे म्हणजे बाजारात चार शब्द बोलून येणे, हे माझ्या अंगवळणी पडलेले असल्याने पिशवी दारात येऊनही काहीतरी राहून गेल्यासारखे वाटे.

मंडईत पहिल्यांदा गेलो तो पितृपक्षात. विसर्जनाची मिरवणूक नुकतीच होऊन गेली होती आणि मांडवांचे वासे रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेले होते. वडिलांचे श्राद्ध पुण्यात करण्याची ती पहिलीच वेळ होती. आमच्याकडे श्राद्धाच्या स्वयंपाकात कोहळ्याची भाजी लागतेच. मेथीदाण्याची फोडणी आणि थोडा गूळ घालून केलेली ती भाजी पानात नसेल, तर पान अपुरे समजतात. आमच्या भागातल्या दोन दुकानांत ती मिळाली नाही, म्हणून शेजाऱ्यांनी मंडईचा पत्ता सांगितला. पितृपक्षात पुण्यात गवार, भेंडी, भोपळा आणि अळू यांना एकाएकी मागणी येते व भावही चढतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. गर्दी एवढी होती की, पहिल्या गाळ्यापाशी पोहोचायलाच दहा मिनिटे लागली. मी एका बाईंना म्हणालो, “अर्धा किलो कोहळे द्या.” त्यांनी विळ्याने फोड कापली, तोलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मी पुढे केलेल्या पिशवीत टाकली. सुटे पैसे मोजण्याच्या नादात मी ती उघडून पाहिली नाही.

घरी आल्यावर कागद सोडला, तर आत पांढराशुभ्र गर होता. विदर्भात आम्ही ज्याला कोहळे म्हणतो, तो पुण्यातला लाल भोपळा; आणि पुण्यात कोहळा म्हणजे ज्याचा पेठा होतो, दुकानाच्या दारावर जो टांगतात, तो. चाळीस वर्षे मराठी बोलूनही एका भाजीचे नाव आपल्याला धड सांगता येऊ नये, याचे मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटले. श्राद्ध दुसऱ्या दिवशी होते. पहाटे उठून मी पहिल्या बसने पुन्हा मंडईत गेलो.

बाई नुकत्या गाळ्यावर बसत होत्या. मी फोड पुढे केली आणि झालेला घोटाळा सांगितला. “तुम्ही मागितला तोच दिला की,” त्या म्हणाल्या, आणि लगेच विचारले, “गाव कुठलं तुमचं?” अमरावती म्हटल्यावर त्यांनी गाळ्यामागे ठेवलेला तांबूस भोपळा ओढला, त्यावर थाप मारली आणि म्हणाल्या, “ह्याला कोहळं म्हणता होय तुम्ही? मग वडिलांना हेच लागणार.” श्राद्धाचे मी त्यांना सांगितले नव्हते, पितृपक्षात पहाटे धावत आलेल्या माणसाकडे पाहून त्यांनी ते ओळखले असावे. पांढऱ्या कोहळ्याची फोड त्यांनी परत घेतली नाही. ती किसून, पिळून, साखर घालून वडी कशी करायची, ते मात्र सावकाश समजावून सांगितले. त्या दिवशी वडिलांच्या पानात कोहळ्याची भाजी पडली आणि पुण्यातल्या कोहळ्याची वडीही पडली.

तेव्हापासून तो गाळा आमचा ठरला. गाळ्यावरच्या त्या मावशींचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण मला जे मिळाले ते एकट्या त्यांच्याच गाळ्यावर मिळेल असे नाही. मंडईत पिढीजात गाळे चालवणारी अनेक कुटुंबे आहेत आणि सलग चार-पाच आठवडे एकाच ठिकाणी गेलेल्या गिऱ्हाइकाला ती ओळखू लागतात. महिन्याभरात मी ‘साहेब’चा ‘दादा’ झालो, आणि घरी माणसे तीन असल्याचे मावशींना पाठ झाले. पाव किलो गवार मागितली तर “तिघांना पुरत नाही, वर मूठभर घ्या” असे त्या सांगतात, आणि अर्धा किलो फ्लॉवर मागितला तर “परवा शिळा होईल” म्हणून हात आखडता घेतात. कमी घ्या म्हणून सांगणारा विक्रेता मोबाइलवर मला भेटला नव्हता.

विदर्भातून किंवा खानदेशातून येणाऱ्या माणसाला पुण्यात भाषेची अडचण येईल, असे कुणाला वाटत नाही; पण भाजीच्या गाळ्यापुढे ती येते. आमचा सांभार म्हणजे येथली कोथिंबीर, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, लवकी म्हणजे दुधी, मुंगना म्हणजे शेवगा, आणि पावसाळ्यातले काटवल म्हणजे कर्टोली. ‘सांभार द्या’ म्हटल्यावर आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिलेले मी अनुभवले आहे, आणि पहिले काही आठवडे शब्द तोंडातच ठेवून नुसते बोट दाखवत असे. मावशींनी ते बंद पाडले. “तुमच्यात काय म्हणतात ते आधी सांगा, मग आमच्यातलं मी सांगते,” असा त्यांचा नेम होता. आता मुलगी घरी कोथिंबीर म्हणते, मी सांभार म्हणतो आणि पत्नी समोर कोण आहे ते पाहून बोलते. आपला शब्द टाकून द्यावा लागला नाही, ही मला या बाजाराची सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

वास्तूविषयी लिहिल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. सध्याची दगडी इमारत 1886 मध्ये सुरू झाली आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणत. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवती पसरलेली कौलारू दालने, अशी तिची रचना आहे. आत उभे राहून वर पाहिले की उंचावरच्या झडपांतून येणारा उजेड नेमका टोमॅटोंच्या आणि लिंबांच्या राशींवर पडतो, आणि बाहेर कितीही ऊन असले तरी आत गारवा असतो. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या बाजारावरच्या खर्चाला विरोध केला होता; हा पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या खर्चाला त्यांनी हरकत घेतली, त्याच वास्तूवर त्यांचे नाव असल्याचे प्रथम वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले होते. रोज पहाटे माल उतरवून घेणाऱ्या कष्टकऱ्यांकडे पाहिल्यावर मात्र हे नाव येथे शोभते, असे माझे मत झाले. आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. त्याचे अनावरण 1924 मध्ये मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले होते. अनंत चतुर्दशीची मुख्य विसर्जन मिरवणूक याच पुतळ्यापासून निघते.

मालाचा दर्जा मी चांगला म्हणेन, आणि पालेभाजीच्या बाबतीत उत्तम. पुण्याच्या आसपासचा शेतमाल येथे ताजा येतो. मावळचा इंद्रायणी तांदूळ, पुरंदरचे अंजीर, नारायणगावचे टोमॅटो ही नावे मी आधी कृषीविषयक बातम्यांत वाचली होती. आता ती घरच्या बोलण्यात आली आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस पुरंदरचा वाटाणा येतो. तो सोलताना हाताला चिकटणारा ओलसर हिरवा वास ज्याने घेतला आहे, त्याला वर्षभर मिळणारा गोठवलेला वाटाणा नकोसा होतो. चाकवत, चुका आणि चंदनबटवा या भाज्या मी येथे येईपर्यंत खाल्ल्या नव्हत्या. चाकवताची ताकातली भाजी मावशींनी गाळ्यावरच तोंडी शिकवली आणि आता ती आमच्याकडे थंडीत आठवड्यातून एकदा होते. आमच्याकडची ढेमसेही येथे दोन-तीन गाळ्यांवर मिळतात. मात्र ती रोज नसतात आणि आधी सांगून ठेवावे लागते. थंडीत आमच्याकडच्या ‘पोपट’ नावाच्या शेंगांच्या दाण्यांची आठवण येते, तेव्हा पावट्याच्या ओल्या दाण्यांवर भागते. चव अगदी तीच नाही, पण आईने तिच्या पद्धतीने फोडणी दिली तेव्हा तिनेही नाव ठेवले नाही.

भावाविषयी सांगायचे तर मंडई स्वस्त आहे, असे मी सरसकट म्हणणार नाही. बाहेरच्या बाजूस वाटे लावून बसणाऱ्यांकडे भाजी स्वस्त मिळते, आतल्या गाळ्यांवर निवडक माल थोडा महाग असतो. घासाघीस चालते, पण भवानीच्या वेळी ती करू नये; पहिले गिऱ्हाईक परत गेलेले कुणालाच आवडत नाही आणि त्या वेळी दर मुळातच वाजवी सांगितला जातो. सर्वत्र मोबाइलवरून पैसे देता येतात, तरीही दहा-वीसच्या नोटा जवळ असाव्यात.

सगळे अनुभव चांगले आहेत असे नाही. एका फळविक्रेत्याने मला वरची चार संत्री दाखवून खालची आठ नरम संत्री घातली होती. अमरावतीच्या माणसाला संत्र्यात फसवले जाणे फार लागते. मी परत गेलो, तेव्हा त्याने पाहिलेले न पाहिल्यासारखे केले. त्या दिवसापासून फळे स्वतः निवडून टोपलीत घालण्याची परवानगी जेथे मिळते, तेथूनच मी घेतो, आणि नव्या माणसालाही हेच सांगेन. काट्यावर नजर ठेवावी, विचारायला संकोच करू नये. अशा एका गाळ्यामुळे बाजाराला दोष देणे योग्य नाही, पण ते झाकून ठेवणेही योग्य होणार नाही.

जागेच्या दृष्टीने काही अडचणी आहेत. पावसात फरशी निसरडी होते आणि भाज्यांचा पाला पायांखाली येतो. वयस्क माणसांना सोबत नेताना हात धरावा लागतो. बसायला जागा जवळजवळ नाहीच. माझी आई गेल्या वर्षी आली होती, तेव्हा मावशींनी तिला स्वतःचे पोते-घडीचे आसन दिले आणि दोघी अर्धा तास वांग्यांवर बोलत बसल्या. पण ते मावशींचे सौजन्य होते, बाजाराची सोय नव्हे. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी वाहनतळात जागा मिळण्याची खात्री धरू नये. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत भाजीसाठी जायचे असेल तर सकाळी आठच्या आत जावे. त्या दिवसांत अखिल मंडई मंडळाच्या शारदा गजाननाच्या दर्शनाला रांगा लागतात आणि संध्याकाळी त्या रस्त्यांनी पिशवी घेऊन चालणे अशक्य होते. दर्शनासाठी मात्र जरूर जावे. झोपाळ्यावर बसल्यासारखी, सोबत शारदा असलेली ती मूर्ती आणि रात्री उजळलेली मागची दगडी इमारत पाहताना माझी मुलगी पहिल्यांदा म्हणाली, “आपल्या मंडईचा गणपती.”

मेट्रोमुळे जाणे-येणे पुष्कळ सोपे झाले आहे. पहिले वर्षभर मी बसने जात होतो आणि परतताना दोन पिशव्या घेऊन उभे राहावे लागे. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाला आणि मंडईचे स्थानक बाजाराच्या अगदी जवळ आले. आता आनंदनगरला वनाझ मार्गावरची गाडी पकडतो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून सरकत्या जिन्यांनी खोल खाली उतरतो, आणि तेथून कसबा पेठेनंतरचे स्थानक मंडईचे. जिल्हा न्यायालयाचे भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे 33 मीटर आहे, त्यामुळे या बदलासाठी पाच-सात मिनिटे हातात ठेवावीत. शनिवार-रविवारी तिकिटात सवलत असते. पालेभाजी पिशवीच्या वरच्या बाजूला ठेवली आणि पिशवी मांडीवर घेतली, तर ती घरी पोहोचेपर्यंत चुरगळत नाही.

नव्याने घर लावणाऱ्यांसाठी आणखी एक फायदा असा की, मंडईच्या आसपासच बाकीचा संसार मिळतो. तुळशीबाग पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी 1761 मध्ये बांधायला घेतलेल्या राममंदिराभोवती वसलेली ही बाजारपेठ बायकांच्या खरेदीसाठी प्रसिद्ध आहे. आम्ही मात्र तेथून पोळपाट-लाटणे, देवघरातली समई आणि पितळी गाळणी घेतली. बोहरी आळीत खिळे, कड्या, कुलपे आणि नळाचे भाग मिळतात. बुरूड आळीत बांबूच्या टोपल्या, सुपे आणि रोवळ्या विणताना समोर पाहता येतात. आमच्या घरातले कांदे-बटाटे ज्या टोपलीत असतात, ती तेथील आहे, आणि कारागिराने तिचा काठ माझ्यासमोर वळून बांधला होता. एका रविवारी भाजी आणि दुसऱ्या रविवारी एखादी वस्तू, अशा रीतीने घर भरत गेले. त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू कुठून आली, ते मुलीला सांगता येते.

गेल्या हिवाळ्यातला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. मी गवार निवडत होतो, तेव्हा विशीतला एक मुलगा शेजारी उभा राहिला आणि दबलेल्या आवाजात म्हणाला, “बरबटी आहे का?” मी बोलणार, तेवढ्यात मावशींनी चवळीच्या शेंगांची जुडी उचलून त्याच्या हातात दिली आणि विचारले, “नागपूरचा का अमरावतीचा?” तो यवतमाळचा निघाला. पुण्यात येऊन त्याला बारा दिवस झाले होते, आणि खोलीवर तिघे मित्र मिळून स्वयंपाक करीत होते. मावशींनी त्याला शेंगा किती शिजवायच्या, ते सांगितले आणि मी त्याला संत्री कुठून घ्यायची व कुठून घ्यायची नाहीत, ते सांगितले.

एक भाजी मात्र मला मंडईत आजवर मिळालेली नाही, ती म्हणजे चिवळ. उन्हाळ्यात आमच्याकडे बेसन पेरून केलेल्या चिवळीच्या भाजीवाचून चैत्र-वैशाख जात नाहीत. या मे महिन्यात आई अमरावती-पुणे गाडीने आली, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून दोन जुड्या घेऊन आली. त्यातली एक मी रविवारी मावशींना दाखवायला नेली. त्यांनी ती उजेडात धरली, एक बारीक पान नखाने खुडून जिभेवर ठेवले आणि म्हणाल्या, “अहो, ही तर बारीक घोळ. चव आंबूस आहे तशीच.” मग जुडीतल्या मुळे असलेल्या दोन-तीन काड्या त्यांनी वेगळ्या काढल्या. घरामागच्या पत्र्याच्या डब्यात लावून पाहते, लागल्या तर पुढच्या उन्हाळ्यात तुमची तुम्हालाच विकते, असे त्या म्हणाल्या, आणि त्या काड्या गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात गुंडाळून गल्ल्याच्या पेटीमागे सावलीत ठेवून दिल्या.